जळालेला बोर्ड, शाबूत जमाखर्च

कल्याणकडून येणारा रस्ता जेथे मुंब्रा-पनवेल मार्गाला मिळतो, त्या शीळफाट्याच्या परिसरात गोदामांची दाटी आहे. बाहेर ट्रकांची रांग, आत पत्र्याच्या छताखाली एक टेबल, एक संगणक आणि त्यात साऱ्या पेढीचा हिशेब. पूर्वी लाल कापडाच्या चोपड्या तिजोरीशेजारी असत. आता उधारी, साठा व जीएसटीची बिले तळहाताएवढ्या हार्ड डिस्कवर सामावली आहेत. वीज जाऊन परत आली आणि डिस्क दिसेनाशी झाली, की सर्व संपले असे व्यापाऱ्याला वाटते. बिघाड केवळ बोर्डाचा असेल, तर बहुधा ते खरे नसते.

हिशेब साठतो तो डिस्कच्या बंद पेटीतील चकत्यांवर. पेटीखाली स्क्रूंनी बसविलेला हिरवा वा निळा सर्किट बोर्ड वीज पुरवितो, मोटर फिरवितो आणि संगणकाशी बोलतो. जास्त दाबाची वीज आली, तर प्रथम तोच जळतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा वीजवाहिनीतील बिघाडाने मुंबई-ठाणे परिसराची वीज गेली होती, हे अनेकांना आठवत असेल. तथापि दोष नेहमी वीज मंडळाचाच असतो असे नाही. बाहेरून जोडण्याच्या १२ व्होल्टच्या डिस्कला घाईत लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर लावणे, हेही एक नित्याचे कारण आहे.

बोर्डावर विजेच्या प्रवेशाशीच संरक्षक डायोड असतात. दाब वाढताच ते स्वतः शॉर्ट होऊन पुढील भाग वाचवितात. डिस्क मृतवत दिसते, पण जाणकार तंत्रज्ञ मल्टिमीटरने तपासून बिघडलेला डायोड काढतो आणि पुष्कळदा ती पुन्हा फिरू लागते. मात्र आता तिला संरक्षण उरलेले नसते. म्हणून चांगल्या वीजपुरवठ्यावर सर्व माहिती तत्काळ दुसरीकडे उतरवून घ्यायची आणि ती डिस्क निवृत्त करायची.

मोटर चालविणारी चिपच जळाली असेल, तर बोर्ड बदलावा लागतो. येथेच मोठी फसगत होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर त्याच मॉडेलचा बोर्ड मिळाला, म्हणून काम झाले असे समजू नये. जुन्या काळी तेवढ्यावर भागे. अलीकडच्या डिस्कमध्ये प्रत्येक नगाची स्वतःची मोजमापे कारखान्यातच ठरवून बोर्डावरील एका छोट्या रॉम चिपमध्ये नोंदलेली असतात. ती चिप जुन्या बोर्डावरून काढून नव्यावर बसवावी लागते. काही डिस्कमध्ये तीच नोंद मुख्य चिपच्या पोटात असते व काम अधिक अवघड होते. बाहेरून जोडण्याच्या काही डिस्क तर पासवर्ड नसतानाही माहिती सांकेतिक रूपात लिहितात, आणि ती उलगडण्याचे साधन त्यांच्या बोर्डावरच असते. म्हणून जळका बोर्ड भंगारात देऊ नये.

डिस्क टकटक आवाज करीत असेल, तर दोष बोर्डापलीकडचा, बहुधा आतील वाचकशीर्षांचा असतो. अशा वेळी ती पुन्हा पुन्हा चालू करून पाहणे म्हणजे चकत्या खरवडणे होय. पेटीचे झाकण तर गोदामाच्या धुळीत कदापि उघडू नये.

चकत्या शाबूत असल्यास काय साधते, याचे मोठे उदाहरण कोलंबिया अवकाशयानाचे. २००३ मध्ये ते कोसळल्यावर टेक्सासमध्ये सापडलेल्या डिस्कचा बोर्ड जळालेला होता. चकत्या दुसऱ्या डिस्कमध्ये बसवून क्रोल ऑनट्रॅक या अमेरिकी कंपनीने सुमारे ९९ टक्के माहिती मिळविली. त्यातील प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्धही झाले.

अर्थात असे काम खर्चिक असते. डिस्क सोपविताना माहिती न मिळाल्यास आकार किती, मूळ डिस्क परत मिळेल काय आणि ग्राहकांची नावे-रकमा गुप्त राहतील काय, हे लेखी घ्यावे. सीजीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार, त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपणे बंधनकारक आहे. डिस्क जळाली म्हणून ते बंधन सुटत नाही. दोन प्रती, त्यांतील एक गोदामाबाहेर, हा खर्च त्यामानाने किरकोळच.

कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीस, ज्ञानभांडारांतील पोथ्या बाहेर काढून, झाडून-पुसून पुन्हा बांधण्याचा जुना प्रघात आहे. तीच लाभपंचमी, अनेक पेढ्या त्या दिवशी नव्या वर्षाचे व्यवहार सुरू करतात. गेल्या वर्षाची प्रत त्या सकाळी दुसऱ्या संगणकावर उघडावी, एखाद्या जुन्या ग्राहकाचे खाते काढावे आणि शिल्लक जुळते काय ते पाहावे.