ट्यूनेबल रेडिओ फिल्टर : वीजपुरवठा व नियंत्रणवाहिन्यांच्या शुद्धतेचा विचार

प्रस्तावना :
पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळील खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही दुर्बीण असून प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना तिच्यात आहेत. तिच्या मूळ रचनेतील सर्वांत वरच्या वारंवारता-पट्ट्यात १०६०, ११७०, १२८० व १३९० मेगाहर्ट्झ या केंद्रांच्या चार उपपट्ट्या फिल्टरद्वारे निवडण्याची सोय होती. निवड करणारा आदेश तारेनेच फिल्टरपर्यंत पोहोचतो. म्हणजे ज्या पेटीतून अतिक्षीण खगोलीय संकेत जातो, तिच्यातच बाहेरून तारा शिरतात. हीच अडचण लहान प्रमाणावर वर्धा जिल्ह्यातील महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही उद्भवू शकते. प्रस्तुत लेखात या तारांमुळे होणारे दोष व त्यांचे निवारण यांचा विचार केला आहे.

पहिला दोष – आत येणारा गोंगाट :
व्हॅरॅक्टर डायोडची धारिता त्याला दिलेल्या उलट व्होल्टेजवर अवलंबून असते. त्यामुळे व्होल्टेज बदलून फिल्टरची केंद्र-वारंवारता बदलता येते. परंतु डायोडला हेतुपूर्वक दिलेले व्होल्टेज व त्यात मिसळलेला गोंगाट यांतील भेद कळत नाही. समजा, एका व्होल्टला केंद्र ५ मेगाहर्ट्झने सरकते. अशा वेळी २० मिलीव्होल्ट रिपल केंद्राला १०० किलोहर्ट्झच्या पल्ल्यात हलवील. आपल्याकडे मुख्य पुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने पूर्णतरंग दिष्टकारकानंतर हे रिपल १०० हर्ट्झचे असते. पट्ट्याच्या मध्यभागी त्याचा परिणाम अल्प दिसतो. उतारावर मात्र संकेताची पातळी त्याच गतीने वरखाली होते.

यावर सामान्य उपाय म्हणजे रेषीय नियामक व त्यानंतर रोधक-धारित्र जोडी. १० किलोओहम व ०.१ मायक्रोफॅरड घेतल्यास छेद-वारंवारता सुमारे १५९ हर्ट्झ येते. अर्थात १०० हर्ट्झचे रिपल जवळजवळ तसेच राहते. धारित्र १ मायक्रोफॅरडचे केल्यास ती १६ हर्ट्झवर उतरते व रिपल सुमारे एक-षष्ठांश उरते. मात्र नवे व्होल्टेज एक टक्क्याच्या आत स्थिरावण्यास सुमारे ४६ मिलिसेकंद लागतात. शुद्धता व ट्यूनिंगचा वेग यांत अशी देवाणघेवाण अटळ आहे. डायोडचा गळतीप्रवाह सामान्यतः अत्यल्प असल्याने एवढ्या रोधाने व्होल्टेजमध्ये लक्षणीय घट होत नाही.

दुसरा दोष – बाहेर पडणारा संकेत :
हा दोष अधिक फसवा आहे. फिल्टरच्या आदान व प्रदान टप्प्यांना एकच तार व्होल्टेज पुरवीत असेल, तर रेडिओ संकेताला फिल्टर टाळून जाणारी चोरवाट मिळते. फिल्टरची स्वतःची अटकाव-क्षमता ६० डेसिबेल असली, तरी चोरवाटेने संकेत केवळ ४० डेसिबेलने घटत असेल, तर प्रत्यक्षात ४० डेसिबेलच पदरी पडतात. अशा वेळी कॉइल कितीही काळजीपूर्वक गुंडाळली तरी उपयोग होत नाही.

येथे मोठे धारित्र जोडणे पुरेसे नाही. ०.१ मायक्रोफॅरडच्या धारित्राच्या पायांचे प्रवर्तन १० नॅनोहेन्री धरल्यास सुमारे ५ मेगाहर्ट्झनंतर ते प्रवर्तकाप्रमाणे वागू लागते; १५० मेगाहर्ट्झला त्याची प्रतिबाधा सुमारे ९ ओहम होते. म्हणून प्रत्येक टप्प्यासाठी स्वतंत्र रोधक किंवा फेराइट मणी द्यावा आणि तार धातूच्या पेटीत शिरते तेथेच, भिंतीत बसणारे फीडथ्रू धारित्र वापरावे.

परीक्षण :
महागड्या उपकरणांशिवाय दोन चाचण्या करता येतात. नियंत्रण-व्होल्टेज काही काळ बॅटरी व पोटेन्शिओमीटरवरून द्यावे. संकेताची थरथर थांबल्यास दोष पुरवठ्याचा समजावा. नंतर अटकाव-पट्ट्यातील पातळी पाहत नियंत्रणाची तार हलवावी किंवा तिच्याभोवती हात धरावा. वाचन बदलल्यास तारेतून रेडिओ संकेत वाहत आहे असे मानावे.

निष्कर्ष :
फिल्टरची निवडक्षमता केवळ त्याच्या मुख्य मंडलावर ठरत नसून त्याला जोडलेल्या प्रत्येक तारेवर ठरते. या दोन चाचण्यांविना विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालात पुरवठ्याचा दोष सिद्धांताच्या किंवा घटकांच्या माथी मारला जाण्याचा धोका राहतो. म्हणून मापन स्वीकारण्यापूर्वी त्या करून घेणे हे मार्गदर्शक प्राध्यापकांचे कर्तव्य ठरते.