ध्वनिमुद्रणालयातील यंत्रांचे समकालन : स्थान, गती आणि मात्रा

प्रस्तावना

एकाच सांगीतिक रचनेसाठी एकाहून अधिक यंत्रे वापरली जातात तेव्हा ती परस्परांशी काटेकोरपणे जुळवून चालवावी लागतात. या प्रक्रियेस समकालन म्हणतात. १९८० व १९९० च्या दशकांत ॲनालॉग टेप, डिजिटल ध्वनिमुद्रक आणि सिक्वेन्सर ही तीन भिन्न प्रकृतीची यंत्रे ध्वनिमुद्रणालयात एकत्र नांदू लागली. आज बहुतांश काम संगणकावर होते. तथापि त्या काळातील टेप डिजिटल स्वरूपात जतन करताना हाच प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. समकालन हा एक प्रश्न नसून तीन स्वतंत्र प्रश्नांचा समूह आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

समस्येचे स्वरूप

दोन वादक एकाच लयीत वाजवत असले, तरी एक तिसऱ्या मात्रेवर व दुसरा सातव्या मात्रेवर असू शकतो. उलटपक्षी, दोघे समेवरून एकाच क्षणी निघाले, पण लय किंचित भिन्न असली, तर काही आवर्तनांतच ते एकमेकांपासून दूर जातात. यंत्रांचेही असेच आहे. ‘आपण कोठे आहोत’ हा स्थानाचा, ‘किती वेगाने जात आहोत’ हा गतीचा आणि ‘कितवी मात्रा चालू आहे’ हा सांगीतिक गणनेचा प्रश्न होय. एकाचे उत्तर मिळाल्याने दुसरा आपोआप सुटत नाही.

बीटल्स या वाद्यवृंदाचे ‘अ डे इन द लाइफ’ हे गीत या दृष्टीने उद्बोधक आहे. फेब्रुवारी १९६७ मध्ये लंडनच्या ॲबी रोड येथील स्टुडिओत त्यासाठी चार ट्रॅकची दोन यंत्रे एकत्र चालवण्यात आली. केन टाउनसेंड या तंत्रज्ञांनी एका टेपवर ५० हर्ट्झचा स्वर मुद्रित करून त्याच्या आधारे दुसऱ्या यंत्राच्या मोटरची गती नियंत्रित केली. गतीचा प्रश्न असा सुटला; परंतु त्या स्वरात स्थानाची माहिती नव्हती. त्यामुळे दोन्ही यंत्रे नेमक्या क्षणी सुरू करणे हाताच्या अंदाजावर अवलंबून राहिले.

टाइमकोड : स्थानाचे उत्तर

ही उणीव एसएमपीटीई टाइमकोडने भरून काढली. यात प्रत्येक फ्रेमला तास, मिनिट, सेकंद व फ्रेम असा स्वतंत्र पत्ता मिळतो आणि तो ८० बिटांच्या संकेतात ध्वनिरूपाने टेपवर मुद्रित होतो. २४ ट्रॅकच्या टेपवर तो सामान्यतः कडेच्या ट्रॅकवर घेतला जाई व त्याचा आवाज इतरत्र झिरपू नये म्हणून शेजारचा ट्रॅक शक्यतो रिकामा ठेवला जाई. भारतात दूरचित्रवाणीसाठी सेकंदाला २५ फ्रेम, तर चित्रपटासाठी २४ फ्रेम हा दर प्रचलित आहे. २५ च्या दराने एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. दोन यंत्रांवर भिन्न दर निवडले गेल्यास पत्ते जुळत नाहीत.

वर्ड क्लॉक : गतीचे उत्तर

डिजिटल ध्वनिमुद्रक ध्वनीचे नमुने ठरावीक दराने घेतो. ४८,००० नमुन्यांच्या दराने २५ फ्रेमच्या एका फ्रेममध्ये १,९२० नमुने येतात. टाइमकोडचा पत्ता फ्रेमपुरता असल्याने नमुन्यांच्या सूक्ष्म पातळीवर यंत्रे जुळवण्यास तो अपुरा ठरतो. त्यासाठी वर्ड क्लॉक हा स्वतंत्र संकेत लागतो. डिजिटल जोडणीत प्रत्येक यंत्र स्वतःच्या घड्याळावर चालू लागल्यास ध्वनीत खटखट उमटते. म्हणून एकच यंत्र अग्रणी व उर्वरित सर्व अनुगामी असावे, हा मूलभूत नियम आहे. ४८,००० च्या दराने मुद्रित झालेला ध्वनी ४४,१०० च्या दराने वाजवल्यास तो सुमारे ८ टक्के मंद होतो आणि स्वर जवळजवळ दीड अर्धस्वराने उतरतो.

मिडी : मात्रेचे उत्तर

सिक्वेन्सर ध्वनी साठवत नाही. कोणता स्वर केव्हा व किती जोराने वाजवावा याच्या सूचना साठवतो. १९८३ मध्ये आलेल्या मिडी प्रणालीतील क्लॉक प्रत्येक मात्रेस २४ स्पंद पाठवते. लय बदलली की स्पंदांचा वेगही बदलतो. १९८७ मध्ये मिडी टाइमकोडची भर पडली व सिक्वेन्सरला टेपवरील पत्ता वाचणे शक्य झाले. मात्र कोणत्या पत्त्यावर पहिली मात्रा येते आणि पुढे लय कशी बदलते, याची नोंद सिक्वेन्सरमध्येच करावी लागते.

यंत्रांची मांडणी

ॲनालॉग टेपची गती कधीही पूर्णतः स्थिर नसते. गतीत ०.१ टक्के फरक पडला तरी चार मिनिटांच्या गीतात ०.२४ सेकंदांचे अंतर पडते. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत हे जवळपास अर्ध्या मात्रेइतके होय. म्हणून टाइमकोड पाहून संगणक केवळ सुरू होणे पुरेसे नाही. टेप अग्रणी असल्यास सिंक्रोनायझरने टाइमकोडपासून वर्ड क्लॉक निर्माण करून डिजिटल यंत्रास सतत टेपमागे चालवावे लागते. किंवा स्थिर संदर्भ-संकेत अग्रणी मानून टेपची मोटर त्यानुसार नियंत्रित करावी लागते.

जतनकार्यातील महत्त्व

२४ ट्रॅकची टेप आठ वाहिन्यांच्या उपकरणाने तीन खेपांत उतरवली, तर प्रत्येक खेपेस टेपची गती किंचित वेगळी असते. तीनही भाग नंतर एकत्र वाजवल्यास ते जुळत नाहीत. शक्य असल्यास सर्व ट्रॅक एकाच खेपेत उतरवावेत. अन्यथा टाइमकोडचा ट्रॅक प्रत्येक खेपेत सोबत घ्यावा. ऐकण्यास कर्कश वाटणारा हा ट्रॅक निरुपयोगी समजून वगळणे ही गंभीर चूक ठरते. तसेच फ्रेम-दर, नमुना-दर व पहिल्या मात्रेचा पत्ता यांची टेपच्या खोक्यावरील नोंद टेपइतकीच मोलाची आहे. ती हरवल्यास सिक्वेन्सरची फाइल हाती असूनही टेपवरील गायनाशी तिचा मेळ बसवणे अतिशय कठीण होते.

निष्कर्ष

टाइमकोड स्थान सांगतो, वर्ड क्लॉक गती राखते आणि मिडी क्लॉक मात्रा मोजते. या तिन्हींची कार्ये परस्परपूरक असली, तरी एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. बिघाड शोधताना प्रथम या तिन्हींपैकी कोणता प्रश्न अनुत्तरित आहे, हे निश्चित करणे इष्ट ठरते. जुन्या टेपच्या जतनाचे कार्य हाती घेणाऱ्या ग्रंथालयांनी व संगीत विभागांनी ध्वनीसोबत कालविषयक नोंदींचेही जतन करणे आवश्यक आहे.