छताचा रंग आणि घरातील ज्येष्ठ

दिवाळी जवळ आली, की घरोघरी रंगकामाची बोलणी सुरू होतात. भिंतींचे काम त्या मानाने सोपे; खडबडीत टेक्श्चर केलेल्या छताचे मात्र कष्टाचे. घर भाड्याचे असले, की ‘रंगाऱ्याला कशाला पैसे द्यायचे?’ हा विचार बहुधा घरातील ज्येष्ठांच्याच मनात येतो. वाचकहो, ब्रश हाती घेण्यापूर्वी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

प्रथम छत नीट न्याहाळा. पिवळट डाग, सुटलेले पोपडे किंवा काळे ठिपके दिसले, तर तेथे ओल आहे. अशा छताला रंग दिल्याने बुरशी झाकली जाते, नाहीशी होत नाही. आणि दमेकऱ्याचा खोकला चालूच राहतो. आधी गळती थांबवणे व छत पूर्ण वाळू देणे आवश्यक. त्यासाठी घरमालकांना लेखी कळवा. टेक्श्चर खरवडून काढणे हा घराच्या रचनेतील बदल ठरू शकतो. म्हणून भाडेकरार वाचून परवानगीही लेखीच घ्यावी.

दुसरी गोष्ट पडण्याची. छत रंगवताना मान बराच वेळ मागे झुकलेली राहते. उतारवयात एवढ्यानेही गरगरू शकते. रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर तोल जाण्याची शक्यता वाढते. माझ्याकडे येणारे सत्तरीतील एक गृहस्थ टेबलावर स्टूल ठेवून छत रंगवताना पडले. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. कित्येक आठवडे ते खाली उतरू शकले नाहीत आणि त्यांच्या शुश्रूषेत पत्नीची पाठ धरली. म्हणून साठीनंतर शिडी वा स्टुलावर चढून हे काम करूच नये. रोलरला लांब दांडा जोडला, तर धडधाकट तरुण माणूस जमिनीवर उभे राहूनही छत रंगवू शकतो. खडबडीत छतासाठी लांब लव असलेला रोलर घ्यावा. रंग खाचांत नीट पोहोचतो. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याच्या डोक्याला किरकोळ मार लागला, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

तिसरी गोष्ट धुळीची. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा, अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या थरांत शिसे असू शकते. जुना रंग कोरडा घासू नये. पृष्ठभाग ओला करून हलक्या हाताने घासावा, एन-95 मास्क लावावा, पंखा बंद ठेवावा आणि नंतर फरशी ओल्या फडक्याने पुसावी. नातवंडे व गर्भवती स्त्रिया यांना त्या वेळी घरात ठेवू नये.

चौथी गोष्ट वासाची. ऑइलपेंट आणि टर्पेंटाइन टाळून पाण्यात मिसळणारा, कमी वासाचा रंग निवडा. दमा किंवा फुप्फुसांचा जुना विकार असलेल्यांनी वास जाईपर्यंत, शक्यतो दोन-तीन दिवस, नातलगांकडे राहावे. इनहेलर जवळ असावा. घरी ऑक्सिजन चालू असेल, तर ज्वलनशील द्रावके त्या खोलीच्या जवळपासही नकोत. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. डोळ्यात चुना किंवा रंग उडाल्यास न चोळता, वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान 15 ते 20 मिनिटे धुवावे आणि लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

रंग निवडताना ज्येष्ठांचे मत अवश्य विचारावे. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना चकचकीत छतावरून परावर्तित होणारा प्रकाश त्रास देतो. त्यापेक्षा मॅट पांढरा बरा. काम आटोपल्यावरही खोकला, धाप किंवा चक्कर राहिली, तर ‘रंगाचा वास आहे, जाईल’ म्हणून अंगावर काढू नका. आपल्या डॉक्टरांना भेटा.