एकच भाव, एकच शब्द

मंडळी, १७व्या शतकातले इंग्लंडमधले क्वेकर दुकानदार घासाघीस करत नसत. का? मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो, शपथच नको; तुमचा होकार हा होकारच असू द्या. मग दहा सांगून सातला द्यायचं, म्हणजे पहिला शब्द खोटाच ना! म्हणून सर्वांना एकच भाव. जॉर्ज फॉक्स यांनी लिहून ठेवलंय, की आधी गिऱ्हाईक तुटलं; पुढे लोकांना कळलं, इथे लहान मूल पाठवलं तरी फसणार नाही.

विश्वासाने धंदा वाढला, हे खरं. पण धंदा वाढावा म्हणूनच तत्त्व पाळलं, तर ती नुसती युक्ती होते. कसोटी लागली ती गिऱ्हाईक तुटत होतं तेव्हा. हाताखालच्या माणसाला आपण ‘पगार एक तारखेला’ म्हणतो, तोही शब्दच असतो.