पडद्यावरचे बालरोगतज्ज्ञ : जालना परिसरातील पालकशिक्षणाचा मागोवा

बालरोगतज्ज्ञांनी व्हॉट्सॲप, यूट्यूब, फेसबुक यांवरून पालकांशी थेट बोलण्याची रीत महाराष्ट्रात २०१६ नंतर रुजली. त्या वर्षी सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली, मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि वर्ष-दोन वर्षांत खेड्यापाड्यांतही चित्रफिती पाहिल्या जाऊ लागल्या. जालना जिल्ह्यात या बदलाला विशेष वजन आहे. १ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार भरली. बालरोगतज्ज्ञ मात्र मुख्यतः जालना शहरात. मंठा किंवा जाफराबादकडच्या खेड्यातून तापाने फणफणलेले मूल दाखवायला न्यायचे तर दिवसाची मजुरी बुडते, आणि त्यामुळे एक-दोन दिवस वाट पाहण्याकडे कल असतो. शिवाय अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतली अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात ती मार्च-एप्रिलमध्येच परततात. कोयत्यावर गेलेल्या आईबरोबर मूल जाते आणि फोनही जातो. गावातली आशा सेविका आणि अंगणवाडी मागे राहतात.

समाजमाध्यमांच्या आधीही डॉक्टरांचा सल्ला घरापर्यंत पोचवण्याचे प्रयत्न झाले होते. आकाशवाणीवरची आरोग्यविषयक भाषणे, वृत्तपत्रांतील सदरे, बालसंगोपनाची मराठी पुस्तके ही त्याची जुनी साधने. बालरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना, म्हणजे इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, १९६३ मध्ये स्थापन झाली. पण तिचे बरेचसे काम डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी केलेले होते. २००५ हे वर्ष अधिक महत्त्वाचे ठरले. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा गावोगाव आली आणि त्याच वर्षी राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनचे काम औरंगाबादहून, म्हणजे जालन्याच्या शेजारून, सुरू झाले. २०१४ पासून मुंबईच्या ‘आरमान’ संस्थेने ‘एममित्र’ या सेवेतून गरोदर आणि बाळंत स्त्रियांच्या साध्या फोनवर ध्वनिसंदेश पाठवायला सुरुवात केली. त्या संदेशांना स्मार्टफोन लागत नव्हता आणि वाचताही यावे लागत नव्हते, हे त्यांचे बळ.

चित्रफितींच्या काळातले सर्वांत भरीव काम मुंबईच्या आयआयटीत उभे राहिले. तिथे प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी संगणकाच्या शिक्षणासाठी ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प चालवला होता. त्याच पद्धतीने बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांनी माता-बाल पोषणाचे छोटे छोटे पाठ तयार केले आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते खुले केले. स्तनपानाचा पाठ पाहिला म्हणजे या कामाची बारकाई ध्यानात येते. बाळाला डाव्या बाजूला पाजायचे असेल, तर उजव्या हाताने त्याच्या मानेला आणि खांद्यांना आधार द्यायचा. डाव्या हाताने स्तन धरायचा. बाळाने मोठा आ वासला की हनुवटी आधी टेकवून त्याला जवळ ओढायचे. नुसती बोंडी तोंडात गेली तर दूध नीट उतरत नाही. खालचा काळसर भाग जास्तीत जास्त तोंडात जायला हवा, खालचा ओठ बाहेर वळलेला दिसायला हवा. हे सारे पडद्यावर सावकाश दाखवले जाते. बाळंतिणीच्या खोलीत ‘दूध पुरत नाही’ म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी वरचे दूध सुरू होते, तेव्हा पुष्कळदा दूध कमी नसते, पकड चुकलेली असते. दवाखान्यातल्या पाच मिनिटांच्या भेटीत हे समजावून सांगणे अवघड. चित्रफीत आई पुन्हा पुन्हा पाहू शकते, आणि आजीलाही दाखवू शकते.

आजीला दाखवणे ही गोष्ट लहान नाही. मराठवाड्यातल्या घरांत बाळाविषयीचे निर्णय बहुधा तीच घेते. पहिला चीक पिळून टाकणे, जन्मल्याबरोबर मध चाटवणे, मुरुडशेंग-वेखंडाची गुटी उगाळून देणे, डोळ्यांत काजळ घालणे, दात येताना जुलाब व्हायचेच असे मानणे, या साऱ्यामागे माया आहे आणि पिढ्यांचा विश्वास आहे. चांगल्या बालरोगतज्ज्ञांनी या चालीरीतींची टर उडवली नाही. चीक म्हणजे बाळाच्या संरक्षणाचा पहिला डोस. मधातल्या जिवाणूंमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझम हा घातक आजार होऊ शकतो. काजळात शिसे असू शकते. दात आणि जुलाब एकाच वयात येतात, कारण तेव्हा मूल रांगते आणि सापडेल ते तोंडात घालते. अशी कारणे सांगितली की म्हातारी माणसे ऐकतात. रागावून केलेल्या चित्रफिती तरुण आईबापांत फिरतात आणि आजीपाशी पोचत नाहीत.

याच माध्यमाची दुसरी बाजू २०१८ मध्ये दिसली. २७ नोव्हेंबर २०१८ रोजी राज्यात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला, आधी लस घेतली असली तरी, शाळेत किंवा अंगणवाडीत ही लस द्यायची होती. या लसीने पुढे मूलबाळ होत नाही, अशा अफवा व्हॉट्सॲपवरून पसरल्या आणि काही शाळांत पालकांनी मुलेच पाठवली नाहीत. उत्तर त्याच वाटेने द्यावे लागले. बालरोगतज्ज्ञांनी मराठी, हिंदी आणि उर्दूत छोटे संदेश ध्वनिमुद्रित केले. जालन्यासारख्या, उर्दू बोलणारी मोठी वस्ती असलेल्या शहरात भाषेची ही निवड मोलाची होती. ओळखीच्या डॉक्टरचा आवाज ऐकून आईबाप मुलाला घेऊन यायचे. अनोळखी तज्ज्ञाच्या सफाईदार चित्रफितीला ते वजन येत नाही.

कोविडकाळात हे काम अनेक पटींनी वाढले. २५ मार्च २०२० रोजी केंद्राने दूरवैद्यकसेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि फोनवरून सल्ला देण्याला नियमांची चौकट मिळाली. त्या वेळी राज्याचे आरोग्यमंत्री होते जालना जिल्ह्यातील घनसावंगीचे आमदार राजेश टोपे. २०२१ च्या उन्हाळ्यात ‘तिसरी लाट मुलांवर येणार’ या बातमीने घराघरांत घबराट पसरली. राज्याने डॉ. सुहास प्रभू यांच्या अध्यक्षतेखाली बालरोगतज्ज्ञांचा कृती गट नेमला आणि गटातील डॉक्टरांनी राज्यभरच्या डॉक्टरांशी ऑनलाइन संवाद साधला. मराठवाड्यातून वैजापूरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. अमोल अन्नदाते वृत्तपत्रांतून आणि समाजमाध्यमांतून सातत्याने बोलत-लिहीत राहिले. त्याच वर्षी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने खास पालकांसाठी मार्गदर्शिका काढल्या. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पडदा दाखवू नये, दोन ते पाच वर्षांच्या मुलासाठी दिवसाला तासाभराची मर्यादा असावी, हा संघटनेचा सल्ला मोबाइलवरूनच घरोघर गेला. शाळा फोनवर भरत असताना तो पाळणे पालकांना जड गेले, तरी त्याचे महत्त्व उणे होत नाही.

बालरोगतज्ज्ञाने समाजमाध्यमाच्या बळावर बाजाराला नमवल्याचे ठळक उदाहरण मात्र हैदराबादचे आहे. तिथल्या डॉ. शिवरंजनी संतोष यांनी ‘ओआरएस’ (जुलाबात द्यायचे मीठ-साखरेचे पाणी) हे नाव मिरवणाऱ्या गोड पेयांविरुद्ध कित्येक वर्षे लढा दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार खऱ्या ओआरएसच्या एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. त्या पेयांत साखर याच्या कित्येक पट असे. जुलाबात इतकी साखर पोटात गेली की ती आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. २०२२ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आधी हे नाव वापरण्यास मनाई केली आणि नंतर सूचना छापण्याच्या अटीवर मोकळीक दिली. डॉ. संतोष यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि दुसरीकडे चित्रफिती चालू ठेवल्या. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी प्राधिकरणाने ती मोकळीक मागे घेतली. या निर्णयाचा संबंध जालन्यातल्या प्रत्येक मेडिकल दुकानाशी आहे. पालकांना सांगायचे ते एवढेच : ‘डब्ल्यूएचओ सूत्र’ छापलेली पुडी घ्यावी, मोठी पुडी पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात टाकावी, अर्धी पुडी अंदाजाने कालवू नये, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक १४ दिवस द्यावे.

त्याच सुमारास मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या औषधाने मुले दगावली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. औषधात डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के निघाले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही त्या औषधाच्या दूषित बॅचविषयी इशारा दिला. दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याची औषधे देऊ नयेत, ही केंद्राची सूचना बालरोगतज्ज्ञांनी काही तासांत गटागटांत पोचवली. या वेळी माध्यमाचा वेग खरोखर कामी आला.

मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ३८ टक्के स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरले होते; पुरुषांत हे प्रमाण ६१.५ टक्के होते. म्हणजे संदेश बहुतेक वेळा बापाच्या फोनवर येतो आणि मूल आईच्या मांडीवर असते. त्याच पाहणीत राज्यातली ३५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आणि ६८.९ टक्के रक्तक्षयी आढळली; हे आकडे नुसत्या चित्रफितींनी हलणारे नाहीत. नियमांचे घोंगडेही भिजत पडले आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये डॉक्टरांच्या समाजमाध्यमी वर्तनाचे नियम काढले. रुग्णाची छायाचित्रे टाकू नयेत, अनुयायी विकत घेऊ नयेत, अशा रास्त अटी त्यांत होत्या. त्याच महिन्यात ते स्थगित झाले. त्यामुळे पावडरच्या डब्याची छुपी जाहिरात करणारा कोण आणि निःस्वार्थ सांगणारा कोण, हे ओळखण्याचे ओझे पालकांवरच राहिले. बाळाच्या दुधाच्या पावडरची जाहिरात १९९२ च्या कायद्याने निषिद्ध आहे, एवढी एक कसोटी तरी पालकांच्या हाती आहे.

२०२४ मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथल्या बालरोग विभागाने, जिल्ह्याच्या बोलीत, आशांच्या गटांमार्फत आणि ऊसतोडीच्या हंगामाआधी लसीकरण व जुलाबांविषयीचे संदेश पाठवले, तर आजवरच्या प्रयत्नांतली मोठी उणीव भरून निघेल. तोवर पालकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, ते अंगावर पिईनासे झाले, धाप लागली, झटका आला किंवा अंग थंडगार पडले, तर कोणतीही चित्रफीत शोधू नये, कोणत्याही गटात विचारू नये. १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे.