गडाची पहिली वाट

“बाबा, नळीच्या वाटेनं जाऊ या ना!” धाकटीनं परस्पर जाहीर करून टाकलं आणि वहिनींनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं. दिवाळीच्या सुट्टीत हरिश्चंद्रगडावर दोन रात्री मुक्काम करायचा, एवढं आमच्या घरात ठरलं होतं. कुठून चढायचं, हे राहिलंच होतं.

या गडाला वाटा पुष्कळ. पण माझ्या मते वाटेची निवड म्हणजे खरं तर पायथ्याच्या गावाची निवड. बेलपाडा हे गाव कोकणात, मुरबाड तालुक्यात, कोकणकड्याच्या पायाशी. तिथून निघालं की घाटाची सगळी उंची अंगावर घ्यावी लागते. त्यात नळीची वाट म्हणजे दगडधोंड्यांनी भरलेली अरुंद घळ. मधले कातळटप्पे दोराशिवाय करू नयेत. अकोले तालुक्यातलं पाचनई मात्र आधीच घाटमाथ्यावर. कड्याच्या पोटातून, ओढा ओलांडत, रमतगमत अडीच-तीन तासांत माणूस हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाशी पोचतो. तिसरी वाट खिरेश्वरची. खुबी फाट्याला एस.टी.तून उतरायचं, पिंपळगाव जोगे धरणाच्या भिंतीवरून गाव गाठायचं आणि तोलार खिंडीतून वर. खिंडीनंतरच्या कातळाला आधाराला कठडे आहेत, पण पुढच्या टेकड्या संपता संपत नाहीत. पाठीवर दोन दिवसांचा शिधा असला की त्या जास्तच वाटतात!

“पाचनई,” मी म्हणालो. धाकटीचं तोंड एवढंसं झालं. “ती म्हाताऱ्यांची वाट आहे!”

मग तिला ती गोष्ट सांगावी लागली. कॉलेज सुटल्यावरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी एका मित्राला नळीनं नेलं होतं. त्याचा तो पहिलाच गड. अवघड वाटेनं नेलं तर आयुष्यभर लक्षात राहील, असा माझा तर्क. एका कातळटप्प्यावर त्याचे पाय लटपटू लागले. वर जाववेना, खाली उतरवेना. पाठीवरची सॅक मागं ओढत होती, पाणी संपलं होतं आणि ऊन उतरत चाललं होतं. आम्ही तिघांनी त्याला दोरानं कसंबसं वर घेतलं. गडावर तो कोणाशी बोलला नाही. पुढं कित्येक वेळा बोलावलं. तो डोंगरात पुन्हा आला नाही. चूक त्याची नव्हती. वाट मी निवडली होती, आणि ती मला झेपणारी निवडली होती.

आमच्या यंदाच्या मंडळीत पर्वतीपलीकडे काही न चढलेल्या वहिनी होत्या. म्हणून पाचनई. पहाटे निघालो, वहिनींची सॅक सगळ्यांत हलकी ठेवली आणि त्यांनाच पुढं चालायला लावलं. चार तास लागले. लागू देत! केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्यात उतरून पिंडीला प्रदक्षिणा घालताना त्या चक्क हसत होत्या. परतताना तोलार खिंडीनं उतरू या का, असंही त्यांनीच विचारलं.

संध्याकाळी कोकणकड्यावर पालथं पडून धाकटी बराच वेळ खाली बघत राहिली. मी तिचे पाय धरून बसलो होतो.

“बाबा, तुमचे ते मित्र कुठे अडकले होते?”

नळी तिथून नीट दिसत नाही. मी अंदाजानंच बोट दाखवलं.