कणाचे आकारमान आणि चुंबकत्व
सूरजागडच्या हेमॅटाइटचा खडा लोहचुंबकास फारशी दाद देत नाही. नाल्याच्या वाळूतील मॅग्नेटाइटचे काळे कण मात्र झटकन चिकटतात. हा भेद पदार्थाचा. परंतु पदार्थ तोच असूनही कणाच्या आकारमानाने गुण पालटतो, हे मुलांस नवल वाटेल. मॅग्नेटाइटच्या मोठ्या कणात निरनिराळ्या दिशांचे चुंबकीय विभाग असतात व ते परस्परांचा प्रभाव पुष्कळसा नाहीसा करतात. सुमारे 50 नॅनोमीटरच्या कणात एकच विभाग उरतो आणि दिशा टिकते. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) 20 नॅनोमीटरखाली नेहमीच्या उष्णतेनेच ती दिशा डळमळते, चुंबक दूर नेताच कणाचे चुंबकत्व लोपते. लांबट कण गोल कणापेक्षा दिशा घट्ट धरतो. शिवणाची सुई व सायकलचा छर्रा एकाच चुंबकावर घासून लोखंडाच्या किसाजवळ धरावेत. सुईला कीस अधिक लागतो.